आज कतरीन

आमच्या बोळिंजच्या घराचं मागचं दार उघडलं की आधी हातपाय धुवायचा दगड लागायचा, मग विहीर, आणि विहिरीपलीकडे, जिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली पोचत नसे तिथे, सुकेळीचा मांडव होता. बांबूच्या खांबांवर कमरेइतक्या उंचीची ताटी, ताटीवर चटया, आणि चटयांवर सोललेली राजेळी केळी ओळीने आडवी. आता तिथे आमच्या इमारतीतल्या गाड्या उभ्या राहतात. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली पाहिलं की पांढऱ्या रेघांच्या कुठल्या चौकटीत मांडवाचा कुठला खांब होता हे मला अजून सांगता येतं. ते मला कुणी विचारत नाही. विचारलं नाही तरी सांगायचं असं ठरवूनच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे, कारण या मांडवाबद्दल मी एकदा खोटं छापून घेतलं आणि ते खोटं अजून गावच्या वाचनालयाच्या कपाटात आहे.

ज्यांनी सुकेळी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. पाऊस सरला की राजेळीचे घड उतरवायचे, पेंढ्यात अढी घालून पिकवायचे, साली काढून फळं उन्हात मांडायची. दिवसातून पुन्हा पुन्हा उलटायची, दंव पडायच्या आत टोपल्यांत भरून घरात घ्यायची, सकाळी परत मांडायची. आठवडाभरात फळ मधाच्या रंगाचं होतं, आकसतं, आणि घरात असा वास भरतो की आईने चुलीत बोंबील भाजले तरी तो हटत नसे. मग वाळक्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळून सोपाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीच्या, दोरीने बांधायचं. घड उतरवणं, वाहणं, बाजारात नेणं पुरुषांचं. अढी फोडल्यापासून पुडी बांधेपर्यंतचं सगळं बायकांचं, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ मथुआतेचं. आईला भातशेती, गुरं आणि आम्हा पोरांचं जेवणखाण यातून मांडवाकडे बघायलाही सवड नसायची.

मथुआते म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. लग्नानंतर वर्ष सरायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ते माझ्या जन्माच्याही आधी. चौथीपर्यंत शिकलेली. उंच, हाडापेराने मोठी, आणि जिभेला धार. मी मांडवाजवळ पुस्तक घेऊन बसलो की म्हणायची, "पद्या, ते खाली ठेव जरा, त्याला पाय नाय फुटनार. तो कावळा बघ, तुझ्यापेक्षा जास्त लक्ष हाय त्याचं." केळं उलटताना ती बोटांची टोकं वापरायची नाही, कारण ती चिकट होतात, बोटांच्या पाठीने फळ ढकलायची, आणि ढकलतानाच ते किती वाळलं ते तिला कळायचं. तेव्हा मला त्यात पाहण्यासारखं काही वाटत नसे. मला पाठांतर आवडायचं, वक्तृत्व आवडायचं, आणि अण्णांना यातलं काहीही आवडत नाही याचं वाईट वाटायचं. ते दिवसभर वाडीत, आणि संध्याकाळी ओटीवर आबांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या, फोटोखाली बसायचे. आबा मी लहान असतानाच गेले. काळी टोपी, मोठ्या मिश्या. अण्णा त्या फोटोकडे पाहायचे तसं आम्हा कुणाकडे पाहायचे नाहीत.

मेंदीच्या कुंपणापलीकडे कतरीनमावशीचं घर. ती ख्रिस्ती, इनासकाकांची बायको, लग्न होऊन शेजारी आली तेव्हापासून आतेची मैत्रीण. तिची घरची बोली वेगळी, आमची वेगळी. दोघी मिळून काहीतरी तिसरंच बोलत आणि हसत. कुंपणात एक फट होती, ती कधीच मेंदीने भरू दिली गेली नाही. महिन्यातून एकदा आते मागच्या पडवीत वेगळी बसायची, त्या चार दिवसांत मांडवाला हात लावायची नाही. तेव्हा कतरीनमावशी फटीतून येऊन फळं उलटून जायची. आते पडवीतून ओरडून सांगायची आणि मावशी तिकडून ओरडून ऐकायची नाही.

"कतरीन, खालची ओळ आधी!"

"मथू, तू गप बस. मला डोळे हायेत."

माझ्या लहानपणाचे आवाज आठवायला बसलो की विहिरीवरच्या पंपाआधी आणि देवळातल्या घंटेआधी मला हे ऐकू येतं. आतेने फळाला शिवायचं नाही, पण परधर्माच्या शेजारणीने शिवलेलं चालतं, हे कोडं आमच्या घरात कुणी सोडवायला घेतलं नाही. फळ चांगलं उतरत होतं, आणि आबा असल्यापासून सगळ्यांनी त्या फटीकडे पाठ करायची सवय लावून घेतली होती.

मी अकरावी पास झालो त्या वर्षी दिवाळीआधी घराला चुना काढायचा होता, म्हणून माळा रिकामा करायला मला चढवलं. मोडकी पाटी, गंजलेला कंदील, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा पट्टा, असं एकेक खाली देत असताना आढ्याजवळ एक पुडी हाताला लागली. वाळक्या केळीच्या पानात गुंडाळून सोपाच्या दोरीने बांधलेली, हुबेहूब सुकेळीची असते तशी, फक्त मोठी. आत लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही होती, तिरक्या अक्षरात भरलेली. एका पानालाही कसर लागली नव्हती. ती पुडी ज्या हातांनी बांधली ते हात त्याच घरात वावरत होते, आणि नुसती बांधणी पाहून मला ते कळायला हवं होतं. पण मी वही उघडली आणि वाचायला लागलो.

"सकाळी मतलई. ऊन खणखणीत. पहिल्या दिवशी फळ घाम टाकतं, तो पुसू नये."

"दुपारनंतर खारा वारा. सगळं आत घेतलं. चिकट."

"विहिरीचं पाणी खाली गेलं. फळ बारीक, गोडी जास्त."

"गोड लागलं म्हणून उतरवू नये. वाकवून पाहावं. तडा गेला नाही तर उतरवावं."

"कावळे फार. काळं फडकं टांगलं. कावळे त्यावर बसले."

वर्ष कुठेच नव्हतं. तिथी होती, वारा होता, फळ होतं. लिहिणारा माणूस स्वतःबद्दल चकार शब्द काढत नव्हता. मी माळ्यावरच मांडी घालून बसलो. खालून आई हाका मारत होती. जमिनीवरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याला मतलई म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण सकाळी मागच्या दारात अंगाला लागतो तोच तो, आणि त्याच्यावर आमच्या घरातली एवढी मोठी गोष्ट अवलंबून आहे, हे मला त्या वहीने सांगितलं. तोवर मला वाटायचं की लिहिण्यासारख्या गोष्टी पुस्तकांत असतात आणि आमच्या मागच्या दारी फक्त माश्या असतात.

खाली उतरलो तेव्हा अण्णा अंगणात होते. त्यांनी वही घेतली, चार पानं उलटली आणि ओल्या आवाजात म्हणाले, "आबांची." मग पुन्हा, मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं, "अगं, आबांची वही सापडली!" आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने वहीकडे पाहिलं, मग आतेकडे. आते मांडवापाशी उभी होती, हात कोपरापर्यंत चिकट.

"कुठं मिळाली?" तिने विचारलं.

"माळ्यावर. पानात बांधलेली," मी म्हणालो.

ती अण्णांच्या तोंडाकडे पाहत राहिली. अण्णा रडत होते आणि हसत होते, आणि असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आते वळली आणि फळं उलटायला लागली.

आमच्या भागातल्या बागायतदारांच्या मंडळाचा वर्धापनदिन त्या वर्षी मोठा करायचा होता. अण्णांनी वही मंडळाच्या माणसांना दाखवली. त्यांनी ठरवलं की जुन्या बागायतदाराची ही वही छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापायची, आणि सुवाच्य नक्कल पद्माकरने करायची. अण्णा घरी येऊन मला म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे म्हणतात." ते माझ्याबद्दल काही चांगलं बोलल्याची मला तेवढी एकच आठवण होती, म्हणून मी लगेच कामाला बसलो.

नक्कल करताना वही नीट वाचावी लागते. पहिल्या काही पानांनंतर एक ओळ आली: "आज दुरून. आईचे हात. घाई." पुढचे काही दिवस तेच: "आज दुरून." मग पुन्हा सगळं नेहमीसारखं, आणि महिन्याने पुन्हा "आज दुरून." बरीच पानं उलटल्यावर एका ठिकाणी लिहिलं होतं, "इनासकडे नवी नवरी. तिच्या माहेरी मांडव आहे म्हणते." आणि पुढच्या महिन्यापासून "आज दुरून" ही नोंद संपली. तिच्या जागी होतं: "आज कतरीन."

माझ्या टाकाची निब कागदावर टेकून राहिली आणि तिथे शाईचा डाग पडला. आबांना महिन्यातून चार दिवस मांडवापासून दूर बसायचं काही कारण नव्हतं. आबांनी फळ कधी उलटलंच नव्हतं, आणि वहीतली ती आई म्हणजे माझी आजी, आतेची आई. खिडकीतून मला आते दिसत होती, दहा पावलांवर. हाक मारली असती तर तिने वर पाहिलं असतं.

मी हाक मारली नाही. घरात पुराव्यासारखा पुरावा होता, पण तो अठरा वर्षांच्या मुलाने ओटीवर, अण्णांसमोर आणि मंडळाच्या चार मोठ्या माणसांसमोर कोणत्या शब्दांत मांडायचा? बायकांच्या त्या चार दिवसांचा उच्चार पुरुषांत होत नसे. ही सबब खरी आहे, पण पुरी नाही. अण्णांचा हसरा चेहरा मला ठेवायचा होता. त्या चेहऱ्यात आता मलाही थोडी जागा मिळाली होती. म्हणून मी "आज दुरून" असलेल्या सगळ्या ओळी गाळल्या, आणि मग, त्या राहिल्या तर कुणीतरी विचारेल म्हणून, "आज कतरीन" असलेल्या सगळ्या ओळी गाळल्या. एकेक करून, ठरवून. नक्कल झाल्यावर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आबांचं नाव घातलं.

समारंभ झाला. आबांच्या फोटोला हार घातला, मी आबांच्या निरीक्षणशक्तीवर भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाईचं पेन मिळालं. खाली उतरल्यावर अण्णांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घरी जाईपर्यंत काढला नाही. बायकांच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या बाकावर, आते आणि कतरीनमावशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मावशीने आतेच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसण्याने मला इतकं हायसं वाटलं की मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतेने मला मांडवाशी बोलावलं. "ते पुस्तक आन. माझे हात भरलेत, तू वाच."

मी वाचायला लागलो. ती फळं ढकलत पुढे पुढे सरकत होती आणि मी पुस्तिका धरून तिच्यामागे. मतलई, खारा वारा, विहीर. कावळ्यांच्या फडक्यापाशी ती हसली. मग काही पानांनी थांबली.

"मागं जा. इनासच्या नवरीचं वाचलंस. त्याच्यापुढं कतरीन कुठंय?"

मी पान उलटून पुढचं वाचायला लागलो.

"पद्या, तुला इचारते."

"काढलं," मी म्हणालो. "लोकांना कळलं असतं. म्हणजे, तुझी वही आहे ते."

तिने वर पाहिलं. मला वाटलं ती रागावेल, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "माझी हाय ते मला ठाऊक हाय. अण्णाचं तोंड बघितलंस ना त्या दिवशी? बाप गेल्यापासून पहिल्यांदा त्याला बापाचं काय गावलं. म्हनून मी बोलले नाय. माझं होतं, ते मी दिलं. पन कतरीनचं माझं नव्हतं. पहिले आईच्या घाईनं फळ सडायचं, ती आली तेव्हा मांडव उभा राहिला. तिचं नाव काढून टाकनारा तू कोन?"

"मावशी तर काल हसत होती."

"ती हसते. तिला वाटतंय आत हाय तिचं नाव. मी तिला सांगितलं होतं, तू पन हायेस वहीत." तिने हातातलं केळं परत चटईवर ठेवलं. "परत लिही. सगळं. गाळायचं नाय. मग मंडळाला दे नाय तर नको देऊ, पन कतरीनला वाचून दाखव."

"लिहितो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी आते ओटीवर आली. अण्णा होते, मंडळाचे एक गृहस्थ चहा पीत बसले होते. तिने आबांच्या फोटोखाली बैठक मारली, पदराआडून दुसरी, नवी वही काढली, आणि सगळ्यांच्या देखत दिवसाची नोंद लिहिली. त्याच तिरक्या अक्षरात. आजवर ती मागच्या पडवीत लिहीत असे, जिथे पुरुष फिरकत नसत. अण्णांनी पाहिलं. कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. त्यांना कळलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते पाहुण्यांना म्हणाले, "पाऊस उशिरापर्यंत राहिला यंदा," आणि पुढे कधीही आबांच्या वहीचं नाव त्यांनी काढलं नाही. आते मात्र रोज तिथेच बसून लिहीत राहिली. घरात तो तिचा कोपराच झाला.

आणि मी लिहिलं नाही. परीक्षा आली, मग नोकरी आली, मग लग्न. विहिरींतून टँकर भरले जायला लागले, पाणी मचूळ झालं, राजेळी आधी खुजी झाली आणि मग गेलीच. आतेने मांडव मोडायला दिला त्या दिवशी मी कचेरीत होतो. अधूनमधून ती विचारायची, "वाचून दाखवलंस का कतरीनला?" मी म्हणायचो, "या सुट्टीत." मरायच्या आधीच्या वर्षी तिने विचारणं बंद केलं, आणि दोन्ही वह्या केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिल्या. पान मिळवायला तिने आगाशीपर्यंत माणूस पाठवला होता. मी ती पुडी कपाटात ठेवली, आणि इतकी वर्षं मला जागं ठेवायला ती पुरली.

गेल्या पावसाळ्यानंतर मी ती पुडी सोडली. दोन्ही वह्या, पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता उतरवून काढल्या. डोळे चांगले नाहीत. भिंग घेऊन बसतो. मंडळात गेलो. तिथला तरुण सचिव चांगला मुलगा आहे. म्हणाला, "काका, एवढ्या वर्षांनी काय फरक पडतो? आणि आबांच्या नावाची पाटी आहे आपल्या हॉलमध्ये." मी म्हणालो, "पाटी राहू दे. आबांची बागही चांगली होती. पण हे मी माझ्या खर्चाने छापणार, आणि वाचनालयातल्या जुन्या पुस्तिकेशेजारी ठेवणार." तो म्हणाला, समितीपुढे ठेवावं लागेल. मी म्हणालो, ठेव, मी दर आठवड्याला विचारायला येईन. आणि जातो.

छापखान्यात देण्याआधी एक काम राहिलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला अजून एक कौलारू घर उभं आहे, ते कतरीनमावशीच्या मुलाचं. मावशी नव्वदीला आली आहे. दारातल्या खुर्चीत उन्हाला पाय सोडून बसली होती. नातीने मला स्टूल दिलं. मी काय केलं होतं ते आधी सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही ते कळेना. मधेच तिने एका मांजराला हाकललं. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "मला ठाऊक हाय. मथूने सांगितलं होतं तेव्हाच. दुसऱ्या दिवशी."

"मग तू कधी बोलली नाहीस?"

"तू येशील म्हनून वाट बघितली. किती वेळ लावलास रे." मग हात हलवून म्हणाली, "वाच आता."

मी वाचलं. आज कतरीन. मतलई. आज कतरीन. खारा वारा, वेळेत आत घेतलं. आज कतरीन. फळ बरं. महिन्यामागून महिने, पुन्हा पुन्हा तेच नाव, आणि प्रत्येक वेळी तिची मान किंचित हलत होती, जणू हजेरीला उत्तर देत होती. तिची नात मोबाईल बाजूला ठेवून ऐकायला लागली होती. मी भिंग ओळीवर सरकवत वाचत राहिलो. मावशी खुर्चीत सरळ झाली होती.

"ते परत वाच. फळ काय?"

"फळ बरं."

"बरं?" ती उसळली. "नुसतं बरं? मधासारखं उतरायचं माझ्या हातचं! मेली ती मथू, जिवंतपनी कुनाला चांगलं म्हंटली नाय, आनि वहीत पन नाय." ती हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "माझा हात तिच्यापेक्षा हलका होता. तिने सोता सांगितलं होतं मला, एकदा, पडवीतून. हे लिही."

"वहीत?"

"मग कुठं? छापतोस ना?"

मी पेन काढलं. नकलेच्या त्या ओळीखाली जागा होती. लिहिलं: "कतरीनचा हात मथुरेपेक्षा हलका होता. हे मथुरेने स्वतः सांगितलं होतं. सांगणारी कतरीन."

"वाच," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून, शब्दाशब्दाला बोटांची पाठ गुडघ्यावर ढकलत ऐकलं, आणि शेवटी म्हणाली, "बरं."